जाणाऱ्यांसाठी कलमदानं

वहिनी, तुझं-माझं भांडण अर्धंच राहिलं. दिवाळीची सुटी संपवून मी नागपूरला निघाले तेव्हा मी रुसलेली होते आणि तू दारात उभी राहून म्हणालीस, "पुढच्या बारीला ये, नीट भांडू." मला वाटलं, उन्हाळ्याची सुटी आहेच. होळीच्या आधीच तुला ताप भरला, तो उतरलाच नाही. तार हाती पडून मी पांढुर्ण्याला पोचले तोवर तुला नेलंही होतं. अंगणात धुतलेली फरशी होती आणि दादा पायरीवर बसला होता.

आता भांडायला तू नाहीस. तरी मी बोलणार आहे. मध्येच माझं वाक्य तोडून तू पुरं करायचीस, तेवढी सोय आता मला नाही, म्हणून सगळं मलाच पुरं करावं लागेल.

तू आमच्या घरी आलीस तेव्हा स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि मी परकर नेसून हिंडत होते. नागपूरची सून, मॅट्रिक झालेली, म्हणून आमच्या गल्लीतल्या बाया तुला बघायला आल्या होत्या. बाबांची संत्र्याची आडत. पुढे पेढी, मागे आपलं घर, आणि बाजूला गोदाम. पेढीत बायांनी पाऊल टाकायचं नाही हा बाबांचा नेम. तुझ्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती गोदामाच्या भिंतीवर उघडायची. हात बाहेर काढला की भिंतीला लागायचा. मौसमात करंड्या भरून माल आला की त्या खिडकीतून संत्र्याचा वास इतका यायचा की जेवताना भाजीलाही तोच वास वाटायचा. पहिल्या वर्षी तू म्हणालीस, "काय छान वास आहे गं." दुसऱ्या वर्षापासून मौसम आला की तू खिडकी लावून घ्यायचीस.

तुझ्या वडिलांनी लग्नात तुला फाउंटन पेन दिलं होतं. हिरवं, सोनेरी क्लिपचं. ते तू कोनाड्यात ठेवायचीस आणि दुपारी सगळे झोपले की काहीबाही लिहायचीस, मला बेरजा घालायचीस, इंग्रजी शब्द शिकवायचीस. मी सातवी झाले आणि बाबांनी शाळा बंद केली, तेव्हापासून माझी शाळा म्हणजे तुझी ती खोली. एकदा ते पेन कोनाड्यातून घरंगळलं आणि निब वाकली. तू नखानं, मग चिमट्यानं ती सरळ करत बसलीस. डोळ्यात पाणी होतं तुझ्या. दादा आला आणि हसला. "अवं, कायले रडून राह्यली? हिशोब तं मी लिहितो."

दादा वाईट नव्हता. त्याला खरंच वाटायचं की पेन हे हिशोब लिहिणाऱ्याचं असतं.

दुसऱ्या दिवशी तू आईला विचारलंस, "आत्याबाई, टोपलीचा लगदा कसा करता तुम्ही?" आपल्याकडे घरोघर बाया रद्दी भिजवून, मेथ्या वाटून घालून धान्यासाठी टोपल्या करतात, तेच आईनं शिकवलं. वर्तमानपत्राचे बारीक तुकडे करून घंगाळात भिजत टाकायचे, चांगले मऊ झाले की उखळात कुटायचे, मेथीचं चिकट वाटण त्यात मळायचं. पण टोपली पालथ्या गंजावर थापली की झाली. तुला हवं होतं ते निराळंच. पेन उभं राहील अशी तिरकी नळी, निब वरच्या बाजूला, म्हणजे शाई गळायची नाही. दौतीला नेमकी बसेल अशी खोबण. पुढे टाक आडवा ठेवायला एक पन्हाळ. नळीसाठी करंड्या विणणाऱ्यांकडून बांबूचं पेर आणलं. पहिलं कलमदान वाळलं, तू पेन खोवलंस आणि ते पेनासकट कलंडलं.

"हलकं आहे," तू म्हणालीस. "कमल, नदीवरून एक गोटा आणशील? गुळगुळीत, बुडाला बसेल असा."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या जत्रेत, सावरगाववाले आणि आपले लोक ज्यांनी एकमेकांची डोकी फोडतात तसला जांब नदीतला गोटा मी ओच्यात घालून आणला. तो तू तळात बसवून वरून लगदा चढवलास. मग ते हललं नाही. सावलीत वाळवायचं, नाही तर भेग पडते. कवडीनं घासून घासून अंग गुळगुळीत करायचं. खडू आणि डिंकाचा हात द्यायचा, त्यावर गेरू, आणि निळ्यासाठी दौतीतलीच शाई. कडेनं तू संत्र्याची पानं काढलीस, मध्ये आरशाच्या बारीक टिकल्या बसवल्यास. शाईचा थेंब सांडला तर लगदा तो पिऊन टाकतो आणि डाग जात नाही, हे कळल्यावर वरून वार्निशचा हात दिलास. ओल्या फडक्यानं पुसलं की शाई निघून यायची. तू ते मला पुन्हापुन्हा करून दाखवलंस. मुद्दाम शाई सांडायचीस, पुसायचीस आणि हसायचीस.

दादानं पाहिलं आणि उचललं. "हे पेढीवर ठेवतो. येनाऱ्याजानाऱ्याच्या नजरेत भरते."

"अन् माझं पेन?"

"तुले कोनतं ऑफिस चालवाचं आहे?"

तू दुसरं केलंस. ते स्टेशनच्या मालबाबूला गेलं, डबे वेळेवर मिळावेत म्हणून. तिसरं सौंसरच्या डॉक्टरांकडे. तुझं पेन शेवटपर्यंत कोनाड्यातच राहिलं, कापडाच्या चुंबळीत.

मग ते राज्यांच्या वाटणीचं वर्ष आलं; तोवर नागपूर आपल्याच राज्याची राजधानी होतं. पेढीवर बसलेली माणसं दिवसभर तेच बोलायची आणि आपण आतून ऐकायचो. नागपूर मुंबई राज्यात जाणार, वऱ्हाडही जाणार, आणि आपण? आपण इथंच, मध्यप्रदेशात, राजधानी भोपाळ. कोणी म्हणे सौंसर-पांढुर्णं पण जाईल, मराठी मुलूख आहे. कोणी म्हणे, छिंदवाड्याचा जिल्हा तुटत नाही. शेवटी आपण राहिलो. आपण हललो नाही आणि नागपूर मात्र निघून गेलं. सौंसरच्या कचेरीतले, शाळांतले मराठी साहेब एकेक करून तिकडचं मागून घेऊ लागले. दर दोन-चार दिवसांनी कुणाचा तरी निरोप समारंभ. हार, नारळ, फोटो आणि एक कलमदान. ही रीतच पडून गेली होती. दादा सौंसरहून मोटारीनं यायचा आणि आत येऊन सांगायचा, "अजून एक पाह्यजे. मुन्सफसाहेब जाऊन राह्यले."

तू कंबर धरून उठायचीस. "चला, कमल, कागद भिजव. जो तो जाऊन राहिला." आणि मग उखळीत मुसळ घालता घालता म्हणायचीस, "माझं माहेर दुसऱ्या राज्यात गेलं बघ. मी मात्र मोरीच्या शेजारीच."

आपण हसायचो. पण कलमदान कुणाच्या टेबलावर जाणार हे ऐकलं की तुझा हात थोडा थांबायचा. "नागपुरात सीताबर्डीला राहतील का हे साहेब?" असं विचारायचीस. दादाला कुठं माहीत असायचं.

त्याच दिवसांत बोरगावचं स्थळ आलं. बिजवर होता, वयानं दादापेक्षा मोठा, संत्र्याची मोठी बाग. बाबांनी जवळजवळ शब्द दिला होता. मला कोणी विचारलं नव्हतं आणि विचारतील असं मलाही वाटलं नव्हतं. मी तुझ्या खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे. तू लगद्याचा गोळा माझ्या हातात द्यायचीस, "मळ."

शाळांचे इन्स्पेक्टरसाहेब नागपूरला जायला निघाले तेव्हा बाबा शाळा कमिटीवर होते, म्हणून चहा आपल्याच पेढीवर ठरला. हेडमास्तर आले, डॉक्टर आले, कमिटीची सगळी माणसं आली. बाबांनी छोटंसं भाषण केलं. मुलींनी शिकलं पाहिजे, नव्या राज्यात तर शिकलंच पाहिजे, असं म्हणाले. आपण दाराआड उभ्या होतो. तू माझ्या हाताला चिमटा काढलास.

दादानं कलमदान दिलं. साहेबांनी आपलं पेन काढून नळीत खोवून पाहिलं, दौतीची खोबण बोटानं चाचपली आणि विचारलं, "कुठून मागवलं?"

दादा फुशारला. "मागवलं नाही, साहेब. आमच्या घरच्यांनीच केलं आहे."

"मग बोलवा की त्यांना."

बाबांना नाही म्हणता येईना. तू डोक्यावर पदर घेतलास आणि ज्या पेढीत तू कधी गेली नव्हतीस तिथं गेलीस. मी पडद्याच्या फटीतून पाहत होते. मला तुझी पाठ तेवढी दिसत होती.

"बाई, तुमचं शिक्षण?"

"मॅट्रिक."

"मॅट्रिक!" साहेब खुर्चीत पुढे झाले. "अहो, आम्हाला मास्तरणी मिळत नाहीत. नागपूरच्या ट्रेनिंगला या बाजूच्या मुली घेण्याची ही शेवटची खेप. पुढं ते दार बंद. मी जायच्या आधी इथून एक नाव पाठवू शकतो. सांगा, कोणाचं पाठवू?"

मला वाटलं, आता वहिनी सुटली. आणि त्याच क्षणी मला वाटलं, आता मी इथं एकटी. दोन्ही एकदम वाटलं, खोटं कशाला सांगू.

"कमलचं पाठवा," तू म्हणालीस. "माझी नणंद. सातवी पास आहे. हुशार आहे."

साहेबांनी बाबांकडे पाहिलं. नुकतंच भाषण केलेला माणूस काय बोलणार? "हो, हो, पाठवू ना," बाबा म्हणाले.

पाहुणे गेले. बाबा आत आले, तुझ्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि घंगाळाकडे बोट दाखवलं. "या घरात आता कागद भिजनार नाई." बस, एवढंच. आईनं भिजलेला लगदा उकिरड्यावर टाकला. बोरगावचं स्थळ मोडलं, त्याचा रागही तुझ्यावरच निघाला. आई महिनाभर तुझ्या हातचा चहा प्यायली नाही.

मी निघाले तेव्हा तू माझी ट्रंक भरलीस. दोन लुगडी दिलीस, तुझी आरशी दिलीस, माहेरचा पत्ता पाठ करून घेतलास. मी कोनाड्याकडे पाहिलं तर म्हणालीस, "सगळं ने, पेन मागू नको. ते माझं आहे."

ट्रेनिंग झालं, नोकरीही नागपुरातच लागली. मी त्या राज्यातली झाले आणि तू या राज्यातली. सुटीत यायचे तेव्हा तू माझ्याजवळ बसून वर्तमानपत्र फाडत असायचीस. बोलता बोलता बारीक बारीक तुकडे, अगदी लगद्याला करतात तसे. ओंजळ भरली की चुलीत टाकायचीस. मी एकदा म्हटलं, "आता बाबा थकले, भिजव की." तू म्हणालीस, "कोणासाठी? जाणारे सगळे गेले."

आणि दरवेळी मी तोच प्रश्न काढायचे. वहिनी, तू स्वतःचं नाव का नाही घेतलंस? तू कधी म्हणायचीस, "मी नागपूर पाहिलेलं होतं, तू कुठं पाहिलं होतं?" कधी म्हणायचीस, "तुझ्या दादाला कोण जेवू घालणार होतं?" मला ती उत्तरं आवडायची. मी ती नागपुरातल्या मैत्रिणींना सांगायचे. हॉस्टेलात, मग शाळेत, माझ्या वहिनीनं माझ्यासाठी काय केलं हे सांगताना माझा आवाज भरून यायचा. आणि खरं सांगू? त्या ओझ्याखाली मी वाकलेही होते. सिनेमाला गेले की वाटायचं, हे तिकीट वहिनीचं. पावसात छत्री उघडली की वाटायचं, या रस्त्यानं वहिनी चालायची होती. मला तिथं धड सुखानं राहता येत नव्हतं आणि ते तुला सांगताही येत नव्हतं.

या दिवाळीत गल्लीतल्या बायांनी मला हळदीकुंकवाला चार शब्द बोलायला लावले. मी मास्तरीण, बोलायची सवय. मी तुझ्याबद्दल बोलले. त्याग म्हणाले. तू मागे बसली होतीस, बायांनी वळून वळून तुझ्याकडे पाहिलं, एकीनं तर तुझ्या पाया पडून घेतलं. तू मधूनच उठून घरी निघून गेलीस.

मी आले तर तू चुलीपुढे होतीस. कढईत चकल्या करपत होत्या.

"कोणी सांगितलं तुला मी त्याग केला?"

"वहिनी, अगं..."

"मी घाबरली, कमल! माझं नाव ओठावर आलं होतं. इंदू म्हणायला तोंड उघडलं होतं मी. मामाजींकडे, तुझ्या बाबांकडे, पाहिलं आणि जीभ वळेना. साहेब थांबून राहिले, सगळे पाहून राहिले, काहीतरी बोलणं तर भाग होतं. तुझं नाव निघालं. बस."

"उगाच काहीतरी सांगू नको."

"उगाच?" तू झारा खाली ठेवलास. "सात रात्री झोपली नाही मी. तू गाडीत बसली तेव्हा मला तुझा राग आला होता. हे ऐकायचं आहे का तुला? नाही ना. तुला पण मी देव्हाऱ्यातच पाहिजे. माझ्या खोलीला निदान खिडकी तरी आहे, देव्हाऱ्याला तर ती पण नसते."

मला वाटलं, माझं ओझं उतरावं म्हणून तू हे रचून सांगते आहेस, हाही एक त्यागच. इतकी मी तुझ्या चांगुलपणात अडकले होते. दोन दिवस मी तुझ्याशी नीट बोलले नाही आणि निघाले. तेव्हा तू दारातून ते भांडायचं म्हणालीस.

वहिनी, परवा तुझं तेरावं झालं. पानं वाढायच्या आधी बाया बसल्या होत्या, आणि सुरू झालं. देवी होती बाई. नणंदेसाठी स्वतःचं सारं सोडलं. कधी हूं की चूं केलं नाही. बाबांची बहीण, माझी आत्या, माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुले तं मायच्या ठिकानी होती वं." सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहू लागल्या. मी हुंदका देऊन मान हलवावी अशी ती जागा होती.

मी म्हटलं, "तिला जायचं होतं."

"कुठं?"

"नागपूरला. ट्रेनिंगला. तिला स्वतःलाच जायचं होतं. ती घाबरली, म्हणून माझं नाव घेतलं. तिनं मला स्वतः सांगितलं."

आत्या म्हणाली, "गेलेल्या मानसाबद्दल असं बोलतेत का, कमल? शिकून हेच शिकली?" दादा उठून बाहेर गेला. बायाही पानावर बसायला उठल्या.

बाबा कोपऱ्यात खुर्चीवर होते. आता त्यांना कमी दिसतं, ऐकू मात्र सगळं येतं. मी पाणी द्यायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"मले मालूम होतं," ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"साहेबानं इचारलं तवा तिचे ओठ हलले होते. म्या पाह्यलं. म्हनून तं मी तिच्याकडं पाह्यून राह्यलो होतो." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तिनं तुयं नाव घेतलं. पोरगी गेली तं गेली, सून तं राह्यली, असं वाटलं मले तवा. सून गेल्यावर घर कायचं राह्यते?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. इतकी वर्षं तू आणि मी ज्या प्रश्नावर भांडत होतो त्याचं उत्तर या माणसाजवळ होतं आणि तो आपल्या दोघींच्या हातचं जेवत होता. पण पेला ठेवायला ते हातानं जागा चाचपत होते आणि पाणी सांडत होतं. मी तो धरला. तेवढंच केलं. माफ केलं का, ते मला माहीत नाही. तू केलं होतंस का, हेही विचारायचं राहिलं.

तर वहिनी, भांडणात तू जिंकलीस. तू रचून सांगत नव्हतीस. तुझा राग खरा होता, तुझी भीती खरी होती, आणि मी ती ऐकून घेतली नाही, कारण मला देवीकडून मिळालेलं आयुष्य हवं होतं, घाबरलेल्या बाईकडून मिळालेलं नको होतं. आता मला तेच चालेल. त्यात श्वास तरी घेता येतो. तुला माझा राग आला होता हे कळल्यावर, का कोण जाणे, मला तू पहिल्यापेक्षा जवळची वाटतेस.

पण एक गोष्ट मी सोडणार नाही. त्या पेढीत, सगळ्यांच्या नजरेपुढं, जीभ वळत नसताना तू नुसतं "कोणाचंच नको" म्हणून आत येऊ शकली असतीस. तसं केलं असतंस तर मी आज बोरगावला असते. तू माझं नाव घेतलंस. भीतीनं घेतलंस, तरी माझं घेतलंस. त्या एका शब्दावर मी जगते आहे आणि त्यासाठी मी तुझे आभार मानणार, तुला आवडो की न आवडो.

शाळेत परत गेले की मैत्रिणी तुझ्याबद्दल विचारतील. त्यांना मी सांगीन की माझी वहिनी मॅट्रिक होती, सुंदर कलमदानं करायची, आणि तिला नागपूरला यायचं होतं.